पाठमोरी पाखरं

विमानतळावर पाखरं हाकलायला नोकरीवर माणूस ठेवलेला असतो, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. नसेना का वाटत. विमान दिसायला केवढं थोरलं, पण एक घार त्याच्या इंजिनात गेली की आत बसलेल्या दीडशे माणसांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून धावपट्टीच्या कडेने दिवसभर एक पिवळी जीप फिरते. तिच्यातला माणूस फटाके फोडतो, कर्णा लावतो, आणि कशानेच भागलं नाही तर खाली उतरून दोन्ही हात वर करून बोंबलतो. या विमानतळावर एकोणतीस वर्षं हे काम एकच माणूस करत होता. त्याला सगळे भोंगा म्हणत.

नाव पडलं त्यालाही कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी जीपचा भोंगा बिघडला. नवीन मागवायचा अर्ज वरच्या मजल्यावर गेला आणि तिथेच मुरला. तोवर अकरा दिवस या गड्याने नुसत्या गळ्यावर काम भागवलं, आणि वरच्या कुणाला फरक कळला नाही. पुढे जे नवे सुरक्षा-साहेब आले त्यांना वाटलं हे आडनावच आहे. त्यांनी 'श्री. भोंगे' असं ओळखपत्र छापून गळ्यात घातलं. भोंग्याने दुरुस्ती सांगितली नाही. दुरुस्तीचा अर्जही वरच्या मजल्यावरच जाणार होता.

गळा असा, की तो घरीही लहान होत नसे. 'अगं, टॉवेल कुठाय?' असं त्याने न्हाणीघरातून विचारलं की दोन मजले खालच्या बाई 'दोरीवर असेल!' म्हणून उत्तर देत. पाखरांना तर त्याची स्कूटरसुद्धा पाठ झाली होती. संध्याकाळी तो गल्लीच्या तोंडाशी वळला की समोरच्या गच्चीवरची सगळी कबुतरं एकदम उडत, आणि ती उडाली की बायको चहाचं आधण ठेवी. चहा कधी गार मिळाला नाही, एवढं सुख होतं. पण बाल्कनीत कधी चिमणी म्हणून बसली नाही. बायकोने हौसेने टांगलेल्या पाण्याच्या वाडग्यात शेवटी तिने पुदिना लावला.

आता या माणसाला पाखरं ओळखता येत होती का? येत होती आणि नव्हती. एकोणतीस वर्षांत त्याने लाखभर पाखरं पाहिली असतील, पण सगळी जाताना. कुठलंही पाखरू त्याला दिसे ते शेपटीकडून. मान वळवून 'आलं मेलं' असं बघायलाही ती थांबत नसत. त्यामुळे अर्ध्या मैलावरून, धुक्यात, पाठमोऱ्या पंखांच्या दोन फडफडींवरून तो सांगे, ही टिटवी, हा बगळा, ही मागच्या वर्षी डावं पीस गेलेली घार. चूक व्हायची नाही. पण तेच पाखरू समोरून दाखवलं की झाली पंचाईत.

ही पंचाईत घरातल्या प्रत्येक जेवणावळीत ठरलेली. कारण बायकोचा थोरला भाऊ. हे गृहस्थ दातांचे डॉक्टर आणि शहरातल्या पक्षिमित्र मंडळाचे अध्यक्ष. आयुष्यभर माणसं समोर बसवून 'आ करा' म्हणण्यात गेल्यामुळे पाखरांकडेही ते त्याच नजरेने बघत. चोच, डोळा, हनुवटी, सगळं समोरून. जेवणं आटोपली की ते फोनवर फोटो काढून भोंग्यापुढे धरत.

"बोला भाऊजी, हा कोण?"

भोंगा फोन लांब धरे, जवळ धरे, आणि खालमानेने म्हणे, "दादा, जरा फिरवून दाखवता का?"

यावर सगळं घर हसे. डॉक्टर सगळ्यात जास्त हसत, दात चांगले असल्यामुळे. भोंगाही हसे, पण ते ओढूनताणून आहे हे कळून येई.

कामाची नोंद मात्र त्याची चोख. रोजच्या तक्त्यात पाच रकाने असत: वेळ, पक्षी, संख्या, उपाय, परिणाम. उपायात 'फटाका' किंवा 'कर्णा' किंवा 'आरडाओरडा' लिहायचं, आणि परिणामात 'उडाले'. एकोणतीस वर्षं परिणामाच्या रकान्यात दुसरा शब्द नव्हता. साहेबांनी एकदा त्या शब्दाचा रबरी शिक्काच करून दिला होता.

आणि मग एका सोमवारी पहाटे ते पाखरू आलं.

ते धावपट्टीच्या पूर्व टोकाला, कापलेल्या गवतात उभं होतं. मूठभर अंगाचं, मातकट रंगाचं, लांब पायांचं. चार पावलं धावायचं, थबकायचं, पुन्हा चार पावलं. भोंग्याने सवयीने जीप कुंपणाकडेच्या चाकोरीवर उभी केली आणि फटाका फोडला. मैलभरातल्या टिटव्या शिव्या देत उठल्या. या पाखराने मान वर केली, आवाज कुठून आला ते पाहिलं, आणि ते जीपकडे चालत आलं.

भोंग्याने दुसरा फटाका फोडला. ते आणखी जवळ आलं.

मग त्याने कर्णा लावला. कर्ण्यात पाखरांच्या किंकाळ्यांची टेप असते, घारीने पकडलं की टिटवी जशी ओरडते तशी. ती ऐकून भलेभले पळतात. पाखराने ती शांतपणे शेवटपर्यंत ऐकली. कुठल्या मुलखाहून आलं होतं कोण जाणे, पण इथल्या टिटव्यांची बोली त्याला येत नसावी. परक्या गावात कुणी आरडाओरडा करत असलं की आपण जसे कौतुकाने उभे राहतो, तसं ते उभं राहिलं.

शेवटी भोंगा खाली उतरला. दोन्ही हात वर केले, छाती भरून घेतली आणि असा काही ओरडला की विमानांना वाट देणाऱ्या मनोऱ्यावरच्या बाईंनी वॉकी-टॉकीवर विचारलं, "भोंगा, मला बोलावलंत का?" पाखरू त्याच्या बुटापासून पाच हातांवर येऊन थांबलं. त्याच्या डोळ्यांवर पांढऱ्या भुवया होत्या. एका डोळ्याने त्याने भोंग्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

भोंग्याचे हात वरच राहिले. पाखराला डोळे असतात हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण ते डोळे आपल्याकडे बघू शकतात, हे पन्नाशी उलटल्यावर प्रथमच कळत होतं. त्याने हळूच हात खाली घेतले. आपण एवढा वेळ हात वर करून उभे होतो याची त्याला लाज वाटली.

तो जीपमध्ये बसून निघाला तर पाखरू मागून निघालं. चाकोरीवरून जीप हळू चाले आणि मागे आरशात ते, चार पावलं धावतंय, थबकतंय, पुन्हा चार पावलं. दुपारपर्यंत धावपट्टीच्या कुंपणाकडेने अशी वरात चालली होती. मनोऱ्यावरून दुर्बिणीने ती बघून बाईंनी कळवलं, "भोंगा, तुमच्या मागे कुणीतरी आहे."

"माहितीये," भोंगा म्हणाला. आणि हे इतक्या हळू म्हणाला की बाईंनी वॉकी-टॉकी बिघडला असं समजून दुसरा पाठवला.

संध्याकाळी तक्ता भरायला बसला तर दुसऱ्याच रकान्यात गाडी अडली. पक्षी कोणता? पाठ दिसली असती तर सांगितलं असतं. त्याने लिहिलं 'माहीत नाही'. उपाय: फटाका, कर्णा, आरडाओरडा. परिणामाचा शिक्का उचलला, आणि पुन्हा खाली ठेवून हाताने लिहिलं, 'उडाले नाही'.

सुरक्षा-साहेब हा मनुष्य नियमांच्या पुस्तकात जन्मला होता. तक्ता बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"भोंगे, तिन्ही उपाय केले?"

"केले साहेब."

"आणि परिणाम नाही?"

"आहे ना. जवळ आलं."

"तो परिणाम नव्हे," साहेब म्हणाले. "नियम चौदा. तिन्ही उपाय हरले की कायमचा बंदोबस्त. परवा बुधवारी सकाळी दहाला नेमबाज येतील."

"नेमबाज म्हणजे?"

"म्हणजे बंदूक, भोंगे. उद्या एखादं विमान खाली यायला आणि ते पाखरू वर जायला एक गाठ पडली तर उत्तर कोण देणार? मी देणार."

साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. गेल्या एकोणतीस वर्षांत, उडून पुन्हा पुन्हा परत येणाऱ्या घारींसाठी, दोनदा नियम चौदा लागला होता आणि दोन्ही वेळा त्याने स्वतःच खूण करून पाखरू दाखवलं होतं. तेव्हा काही वाटलं नव्हतं. पण ती पाखरं त्याच्यामागे चालत आली नव्हती.

"काही सूट नाही का साहेब?"

साहेबांनी पान उलटलं. सूट होती. पक्षी दुर्मिळ असल्याचा मान्यताप्राप्त संस्थेचा दाखला आणला तर नियम चौदा लागू नव्हता. शहरात अशी संस्था एकच होती, आणि तिच्या अध्यक्षांच्या दवाखान्यात भोंग्याच्या दोन दाढा गेल्या होत्या.

त्याने लग्नानंतर पहिल्यांदाच मेव्हण्याला स्वतःहून फोन लावला. सगळं सांगितलं. डॉक्टरांनी फोन कानापासून दूर धरूनच ऐकलं असावं, कारण पलीकडून त्यांच्या दवाखान्यातल्या पेशंटने मध्येच "अरे बापरे" म्हटलं.

"भाऊजी, मातकट, लांब पाय, पांढऱ्या भुवया," डॉक्टर म्हणाले. "नेहमीचा चिखल्या असणार. तळ्यावर ढिगाने असतात."

"नेहमीचे मी ओळखतो दादा. हा घाबरत नाही."

पलीकडे पाण्याचा नळ बंद झाला.

"घाबरत नाही?" डॉक्टर हळूच म्हणाले. "उत्तरेकडे, बर्फाच्या सीमेवर उघड्या डोंगरमाथ्यांवर एक जात असते. तिथे माणूसच नाही, त्यामुळे भीती शिकलेलीच नाही. पण ती आपल्याकडे येत नाही हो. पुस्तकात नकाशा आहे. दोन हजार मैलांत कुठे रंग दिलेला नाही."

"त्याने नकाशा बघितला नसेल," भोंगा म्हणाला.

मंगळवारी सकाळी कुंपणाबाहेर पक्षिमित्र मंडळ हजर झालं. आत यायचा पास पंधरा दिवस आधी काढावा लागतो, म्हणून नऊ माणसं झाडाच्या पानासारखे कपडे घालून डांबरी पार्किंगमध्ये, लाल-पांढऱ्या गाड्यांच्या मध्ये, लपून बसली. त्यांच्याही जिवाला कमी घोर नव्हता. मंडळाच्या यादीत दोनशे नव्व्याण्णव पक्षी होते, आणि तीनशेवा मिळेना. तीन वर्षांपूर्वी एकदा मिळाला होता. त्याची पेपरात बातमी आली, डॉक्टरांचा सत्कार झाला, आणि नंतर तो तारेवर अडकलेला लोकरीचा मोजा निघाला. फोटोत तो हुबेहूब पक्षी दिसे. तेव्हापासून डॉक्टरांनी कानाला खडा लावला होता. फोटो चालणार नाही. निर्णायक खूण तीन सभासदांनी आपल्या डोळ्यांनी, एकाच वेळी पाहिली पाहिजे.

"आणि ती खूण कुठली?" भोंग्याने जाळीतून विचारलं.

डॉक्टरांनी पुस्तक उघडून धरलं. समोरून ही जात आणि नेहमीचा चिखल्या विणीचा मोसम संपल्यावर जवळजवळ सारखेच दिसतात. पण या जातीच्या पांढऱ्या भुवया कपाळापासून डोक्याच्या दोन्ही बाजूंनी मागे जातात, आणि मानेवर दोन्हींचं टोक जुळतं.

"म्हणजे ओळख मागून पटते?" भोंगा म्हणाला.

"फक्त मागून."

भोंग्याला हसावं की रडावं कळेना. एकोणतीस वर्षं ज्याने जगातल्या यच्चयावत पाखरांच्या पाठी पाहिल्या, त्याला ज्या एका पाखराची पाठ हवी होती ते पाठ दाखवायला तयार नव्हतं. जीप चाकोरीवर, चाकोरी कुंपणाला लागून, आणि पाखरू जीपकडे तोंड करून. भोंगा पुढे गेला की ते त्याच्याकडे तोंड करून पुढे येई. मागे आला की थांबून त्याच्याकडे बघत बसे. कुंपणाबाहेर नऊ दुर्बिणींना दिवसभर त्याचा चेहराच दिसला. एक सभासद बाई तर कंटाळून म्हणाल्या, "चेहरा गोड आहे, पण चेहऱ्याचं काय करायचं?"

संध्याकाळी पाच वाजता डॉक्टरांनी दुर्बीण मिटली.

"भाऊजी, मला दाखला देता येणार नाही."

"दादा, उद्या दहाला गोळी घालणार आहेत त्याला."

"मला कळतं हो. पण मी उद्या दाखला द्यायचा, आणि परवा तो पुन्हा मोजा निघायचा!"

"मोजा चालत नाही दादा!" भोंगा ओरडला, आणि पार्किंगमधल्या तीन गाड्यांचे अलार्म वाजायला लागले.

त्या संध्याकाळी गच्चीवरची कबुतरं उडाली तेव्हा बायकोने आधण ठेवलं खरं, पण नवरा जिना चढून आला तो चोरासारखा. आवाज नाही, काही नाही. तिने आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग त्याने सगळं सांगितलं, आणि सांगताना डोळे पुसले. बायकोने उगाच समजूत घातली नाही. चहाची कपबशी पुढे ठेवली आणि विचारलं, "अहो, पण ते तुमच्याकडे बघत असतं ना?"

"सारखं."

"मग तुमच्याकडे तोंड असतं तेव्हा त्याची पाठ कुणाकडे असते?"

भोंगा बशी हातात धरून बसून राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. नऊ विद्वान दिवसभर पार्किंगमध्ये बसले होते, आणि कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं की पाखराची पाठ बघायची तर पाखराला फिरवायचं नसतं, भोंग्याला फिरवायचं असतं. तो पलीकडे, धावपट्टीच्या बाजूला उभा राहिला की पाखरू त्याच्याकडे बघणार, आणि पाठ आपोआप कुंपणाला.

"पण तिथे जीप नेता येत नाही," तो म्हणाला. "चालत जावं लागेल."

"मग चाला."

"आणि जीप नसली तर ते कशाला येईल? दादा म्हणत होते, ते माझ्यामागे येतच नाही. चाकांनी गवतातल्या अळ्या वर येतात, त्यांच्यामागे येतं."

बायकोने जरा विचार केला. "मग हाक मारा."

हे तिने असं म्हटलं की जणू काही सोपंच होतं. भोंगा जेवून उठला तरी ते त्याच्या डोक्यातून जाईना. एकोणतीस वर्षांत त्याने पाखरांना 'हुर्र', 'हट', 'चल नीघ' आणि इथे लिहिता येणार नाही असं पुष्कळ म्हटलं होतं. बोलावलं एकदाही नव्हतं. बोलवायचं म्हणजे काय म्हणायचं असतं, हेच त्याला आठवेना.

बुधवारी साडेनऊला नेमबाज आले. हे वयस्कर, सभ्य गृहस्थ नेमबाजीचे जुने विजेते होते आणि त्यांनी आयुष्यात कागदाखेरीज कशावरही गोळी झाडली नव्हती. त्यांनी सोबत गोल वर्तुळांचा एक पुठ्ठा आणला होता.

"हा त्याच्या मागे उभा करता येईल का?" त्यांनी साहेबांना अदबीने विचारलं. "मला सवय आहे. आणि ते किती वेळ स्थिर राहील?"

"हवं तितका वेळ," साहेब म्हणाले. "तीच तर तक्रार आहे."

नेमबाजांनी चटई अंथरली, त्यावर पालथे पडले, आणि शिस्तीत श्वास सोडायला लागले. पाखरू चाकोरीपासून पन्नास पावलांवर उभं होतं. दिवसातली पहिली जीप अजून का आली नाही, म्हणून ते कुंपणाकडे बघत होतं. कुंपणाबाहेर नऊ दुर्बिणी.

भोंग्याने मनोऱ्याला विचारलं, "पायी पलीकडे जाऊ का?"

"पुढचं विमान बारा मिनिटांनी," बाई म्हणाल्या. "दहा मिनिटांत परत या. आणि भोंगा, ओरडू नका, मी हेडफोन लावलाय."

तो लांबून वळसा घालून निघाला. गुडघे कुरकुरत होते. साहेब मागून "भोंगे, हे कुठल्या नियमात बसतं?" असं विचारत होते, पण आज पालथ्या घड्यावर पाणी होतं. धावपट्टीच्या बाजूला जाऊन तो वळला. पाखरू आता त्याच्या आणि कुंपणाच्या मध्ये होतं, पण त्याच्याकडे पाठ नव्हती आणि तोंडही नव्हतं. ते आडवं उभं राहून गवतात काहीतरी टिपत होतं. त्याला पत्ताच नव्हता.

भोंग्याने तोंड उघडलं. सवयीने छाती भरली, हात उचलले जायला लागले. ते त्याने खिशात कोंबले. भरलेला श्वास तसाच सोडून दिला. मग जो उरला होता तेवढ्यात तो म्हणाला, "ये."

पाखराने मान वर केली.

"ये रे बाबा," तो म्हणाला. "ये इकडे. मीच आहे."

एवढा लहान आवाज आपल्यात होता हे त्यालाही ठाऊक नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी कधीतरी वापरला असेल, मग कुठे ठेवला ते विसरला होता. पाखरू वळलं. चार पावलं धावलं, थबकलं. पुन्हा चार पावलं. त्याच्या बुटापासून पाच हातांवर येऊन थांबलं आणि एका डोळ्याने बघायला लागलं. जीप नव्हती, चाकं नव्हती, अळ्या नव्हत्या. भोंग्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं.

कुंपणाबाहेर एकदम नऊ माणसं उभी राहिली. "मान!" डॉक्टर ओरडले. "मान बघा! जुळतायत!" पानांच्या कपड्यातली माणसं एकमेकांना मिठ्या मारायला लागली. त्यातल्या एकाने चुकून सुरक्षारक्षकाला मिठी मारली. डॉक्टरांनी दाताच्या औषधाच्या कागदावर दाखला लिहिला, तिघांनी सह्या केल्या आणि तो जाळीतून आत सरकवला. साहेबांनी तो दोनदा वाचला. नेमबाज चटईवरून उठले, गुडघे झटकले आणि साहेबांचा हात धरून म्हणाले, "फार उपकार झाले." त्यांचा पुठ्ठा त्यांनी घडी न करता परत नेला.

भोंगा तक्ता भरायला बसला. पक्ष्याचं नाव दाखल्यावरून उतरवलं. संख्या एक. उपाय: 'हाक मारली'. परिणाम: 'आले'.

"हे चालणार नाही," साहेब म्हणाले. "परिणामात 'उडाले' किंवा 'उडाले नाही' येतं. 'आले' असा परिणामच नाही."

"आज झाला साहेब."

"दुरुस्त करा."

"करतो," भोंगा म्हणाला, आणि केलं नाही.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. दुर्मिळ पक्षी आल्याने पूर्व टोकाला दोनशे मीटरच्या आत पक्षी घाबरवणाऱ्या कोणत्याही साधनास मनाई. खाली साधनांची यादी होती: फटाका, कर्णा, जीप, श्री. भोंगे.

यात साहेबांचा काही दुष्टपणा नव्हता. नियमच तसा होता. विमानंसुद्धा तीन दिवस पश्चिमेच्या टोकाने उतरवली. पेपरात बातमी आली, तीनशेव्या पक्ष्याचे शोधक म्हणून डॉक्टरांचा फोटो आला, समोरून. डॉक्टरांना मात्र ते बरं वाटलं नसावं. त्यांनी स्वतः फोन करून पेपरवाल्यांना सांगितलं, की शोध आमच्या भाऊजींचा आहे. पेपरवाल्यांनी चूक सुधारली आणि 'श्री. भोंगे' छापलं.

भोंगा तीन दिवस पश्चिमेला टिटव्या हाकलत होता. सुट्टी झाली की तो कुंपणाबाहेर जाऊन पक्षिमित्रांच्या मागे उभा राही. डॉक्टर त्याला दुर्बीण देत, आणि तो ती घेत नसे. पाखरू चाकोरीवर येऊन उभं राही. पूर्वेकडे चार पावलं धावे, थबके, पश्चिमेकडे चार पावलं धावे.

"काय शोधतंय हो ते?" सभासद बाईंनी विचारलं.

"खाद्य," डॉक्टर म्हणाले. मग भोंग्याकडे बघून त्यांनी दुर्बीण पुन्हा त्याच्यापुढे धरली.

भोंग्याला एक हाक मारता आली असती. दोनशे मीटर म्हणजे त्याच्या गळ्याला काहीच नव्हतं. पण मोठ्याने बोलावण्याचा आवाज त्याच्याकडे नव्हता, आणि जो होता तो दोनशे मीटर जात नव्हता.

रविवारी सकाळी तो पश्चिमेच्या टोकाला जीप लावून उभा असताना एक पाखरू त्याच्या डोक्यावरून गेलं. उंच होतं, लहान होतं, सूर्य डोळ्यांवर येत होता, आणि ते उत्तरेकडे चाललं होतं. अर्ध्या मैलावर गेल्यावर भोंग्याने ते पाठमोरं पाहिलं. आता ओळखायला पळभरही लागलं नाही. सवयीने त्याचा हात फटाक्याकडे गेला होता, तो त्याने परत मांडीवर आणून ठेवला. ते ठिपका होऊन दिसेनासं होईस्तोवर तो बघत बसला.

संध्याकाळी तक्त्यात त्याने लिहिलं. उपाय: काही नाही. परिणाम: उडाले. शिक्का मारला. साहेब खूश झाले.

"झालं एकदाचं," ते म्हणाले. "आता ते बुधवारचंही दुरुस्त करून टाका, भोंगे. शेवटी उडालंच ना ते? नोंद जुळली पाहिजे. एवढा 'आले' खोडून 'उडाले' करा, मी सही करतो."

त्यांनी पेन पुढे केलं. भोंग्याने ते घेतलं नाही.

"नको साहेब," तो म्हणाला, आणि हे त्याने इतक्या हळू म्हटलं की साहेबांना ऐकायला पुढे वाकावं लागलं. "बुधवारी ते आलं होतं."